चाकण ते सांगवी: पियानोबरोबर चार दिवस

टेम्पोच्या मीटरप्रमाणे अंतर एकेचाळीस किलोमीटर भरलं. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून चऱ्होली, तिथून पिंपळे गुरव आणि शेवटी सांगवी. माझ्या स्कूटरवर हा रस्ता दीड तासाचा आहे. आम्हाला बुधवार ते शनिवार असे चार दिवस लागले. लातूरकडचे आमचे नातेवाईक फोनवर याबद्दल तुकड्यातुकड्याने विचारतात आणि प्रत्येकाला वेगळा तुकडा सांगून माझाच गोंधळ होतो, म्हणून एकदा सलग लिहून काढतो.

माझी मुलगी केतकी पंचवीस वर्षांची आहे. ती पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत पियानोवर वाजवते. सातव्या वर्षी पिंपळे गुरवमध्ये एका औषधाच्या दुकानावरच्या क्लासात तिने सुरुवात केली. पुढे पुण्यात शिकली, मग शिष्यवृत्तीवर सहा वर्षं युरोपात. तिला तीन बक्षिसं मिळाली आहेत, त्यांतलं शेवटचं एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं, पहिल्या क्रमांकाचं. लोक म्हणतात, मग आता काय, झालंच! तसं नसतं. बक्षीस म्हणजे नोकरी नव्हे. वर्षभर कार्यक्रमांची बोलावणी येतात, तोवर पुढच्या वर्षीचा विजेता उभा राहतो.

तिकडच्या एका संगीतसंस्थेने तिला कळवलं होतं की येत्या हंगामासाठी ते तीन वादक निवडणार आहेत. निवड झाली तर अकरा गावांत अकरा कार्यक्रम. त्यासाठी पूर्ण कार्यक्रमाचं चित्रीकरण पाठवायचं होतं: श्रोत्यांसमोर, सलग, मध्ये कुठेही न कापलेलं. मुदत त्या रविवारची. याच सुमारास तिच्या तिकडच्या, निवृत्त झालेल्या गुरूंनी स्वतःचा पियानो तिला देऊन टाकला. तो जहाजाने येऊन चाकणच्या एका गोदामात उतरला होता. लांबी दोनशे अकरा सेंटिमीटर, वजन साडेतीनशे किलो, पट्ट्या अठ्ठ्याऐंशी, तारा दोनशे छत्तीस. केतकीला शनिवारच्या चित्रीकरणाआधी तोच कार्यक्रम तीनदा माणसांसमोर वाजवायचा होता. पियानो पिंपळे गुरवला घरी आणायचाच आहे, तर वाटेतच वाजवत आणू आणि शेवटी सांगवीच्या शाळेत चित्रीकरण करू, असं ठरलं.

बुधवार, चाकण

मी एका सुट्या भागांच्या कंपनीत मोजमाप विभागात आहे. पहिला कार्यक्रम आमच्याच कँटीनमध्ये ठेवला. पियानो गोदामातून आणायला टेम्पो होता निवृत्तीभाऊंचा. ते चऱ्होलीचे, जुन्या शेतकरी घरातले. एरवी मोटारींच्या पुढच्या काचा वाहतात.

"साहेब, काळजीच करू नका," ते म्हणाले. "काच आन् ह्यो बाजा, दोगांची जात एकच. ह्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मला नावानिशी ठाव हाय."

पाय काढून, आडवा करून, गोधड्यांत बांधलेला पियानो छोट्या क्रेनने उतरवला. क्रेनला हाताने इशारे करत होते आमच्या मेंटेनन्सचे शिंदेमामा. मूळचे बार्शीकडचे, नोकरीची तीस वर्षं पुरी, नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारे. पियानो उभा करून झाकण उघडल्यावर ते बराच वेळ आत डोकावत राहिले.

"ताई, ही तार पोलादाची ना? उघडीच?"

"हो मामा."

"समुद्रावरनं उघडीच आणली? गंजंल की ओ."

"नाही गंजत. नीट ठेवला की झालं."

मामांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. कंपनीने सव्वाचारची बस चाळीस मिनिटं उशिरा सोडायचं कबूल केलं, म्हणून कार्यक्रम तीन चाळीस ते चार पन्नास. एकशे चाळीस माणसं बसली, ताटं उचललेल्या टेबलांभोवती. शेजारच्या शेडमधल्या प्रेसचा ठोका दर सहा सेकंदांनी जमिनीतून येत होता. माझ्यामागे दोन तरुण कामगार बोलत होते.

"भावा, ह्याला बटणं कुठंयत? ताल कुठून लावायचा?"

"खाली बघ ना राव, तीन पेडल हायेत. ॲक्सिलेटर, ब्रेक, क्लच."

"मग गियर?"

"गियर तिच्या डोक्यात."

सव्वाचारला एका ड्रायव्हरने सवयीने हॉर्न दिला आणि निम्मं कँटीन उठून उभं राहिलं. केतकीने वर पाहिलंसुद्धा नाही. मंडळी ओशाळून परत बसली. नंतर असेंब्लीतल्या एका बाईने तिला विचारलं, समोर वही का नव्हती. केतकी म्हणाली, सगळं पाठ आहे.

"सत्तर मिनिटं? अगं बाई! आम्हाला चार पानं सेफ्टीची पाठ होईनात."

परदेशात, केतकी सांगते, लोक खोकलासुद्धा दोन रचनांच्या मधल्या वेळेसाठी राखून ठेवतात. इथे वाजवणं आवडलं की लगेच "वा" येते. तिला दोन्ही चालतं. रात्रीपुरता पियानो मेंटेनन्सच्या खोलीत ठेवला, कारण तिथे कुलूप होतं आणि धूळ कमी होती. हा निर्णय माझा.

गुरुवार, चाकण ते चऱ्होली

आमच्याकडे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. मशीन बंद, कामगार घरी. मेंटेनन्सवाल्यांना मात्र हाच खरा कामाचा दिवस. बंद मशीन उघडायची, पुसायची, तेलपाणी करायचं. त्यांच्या खोलीत जे यंत्र असेल त्याचं हे सगळं होतं. हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे, आणि बुधवारी संध्याकाळी ते माझ्या डोक्यात आलं नाही.

सकाळी आठ दहाला आम्ही पोचलो. पियानोचं झाकण उघडं होतं. शिंदेमामा स्टुलावर बसून, हातात मऊ फडकं आणि शेजारी छोटा डबा घेऊन, एकेक तार पुसत होते. डब्यात गंजरोधक तेल होतं. आमच्याकडे उघडं पोलाद या तेलाच्या बोटाशिवाय दाराबाहेर जात नाही.

"या साहेब," ते खुशीत म्हणाले. "एकतीस पट्ट्यांच्या झाल्या. उजवीकडनं घेतलंय. डावीकडच्या वीस सोडणारच होतो, त्यांना तांब्याची गुंडाळी हाय. तांब्याला काय होत न्हाई."

केतकीने सगळ्यात उजवीकडची पट्टी दाबली. काल तिथून काचेवर चमचा लागल्यासारखा सूर आला होता. आज लाकडावर बोट वाजवल्यासारखं टक झालं. तिने शेजारची दाबली, मग त्याच्या शेजारची. तारेवर तेलाचा थर बसला की ती नीट घुमत नाही, हे मला त्या तीन टक् टक् आवाजांत कळलं. एका सुराला तीन तारा, एकतीस सुरांच्या त्र्याण्णव. आणि शनिवार दोन दिवसांवर.

"मामा, आता थांबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ती बाहेर फोर्कलिफ्ट उभ्या असतात तिथे जाऊन उभी राहिली.

मामांचं तोंड उतरलं. "साहेब, मी पोरीच्या पोटावर पाय दिला का ओ?"

मी म्हणालो, "मामा, खोली मी निवडली होती."

केतकी परत आली ती फोन कानाला लावूनच. पुण्याचे मोडक, पियानो सुरात लावणारे, म्हणत होते की मी येईपर्यंत कोणी हात लावू नका. ते साडेदहाला पोचले. त्यांनी आधी पट्ट्या आणि हातोड्यांची सगळी चौकट पुढे ओढून बाहेर काढली. तारांवर आपटणारे हातोडे लोकरीचे असतात, त्यांना तेलाचा थेंब लागला असता तर विषयच संपला असता. लागला नव्हता. मामांचं फडकं नेहमीसारखं नीट पिळलेलं होतं.

मग काम कारखान्याच्या रीतीने झालं. आमच्या विभागात मोजमापाचे ठोकळे पुसायला एक स्पिरिट असतं, झटकन उडून जाणारं. ते आणि धागे न सुटणारं कापड मी आणलं. मामांनी मेंटेनन्सचे तिघे बोलावले. एकाने तारांखाली कागदाची पट्टी सरकवायची, दुसऱ्याने ओलसर कापडाने पुसायचं, तिसऱ्याने कोरड्याने, मी भिंगाने तपासून खडूने खूण करायची. मामा कापडाचे तुकडे कापत राहिले. तार पुसायची त्यांची हिंमत होईना. शेवटी केतकीच म्हणाली, "मामा, तुमच्याइतका हलका हात इथे कोणाचा नाही. शेवटच्या नऊ तारा तुम्ही घ्या." त्यांनी घेतल्या.

एक पन्नासला संपलं. मोडकांनी वाजवून पाहिलं. "दिसणारं तेल गेलं. तार जिथे लाकडावर टेकते तिथे खाली थोडं शिरलंय, ते राहणार. नव्या तारा घालता येतील, पण नवी तार महिनाभर सुरात राहत नाही."

चाकणहून चऱ्होलीपर्यंत निवृत्तीभाऊंनी ताशी अठराच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता भडिमार केला. कांद्याचे वाफे, मग गोदाम, परत झेंडूचं शेत, मग वीस मजली इमारतींचा पुंजका आणि त्याच्या पायाशी गोठा, असं ते सगळं हळूहळू बाजूने गेलं. निवृत्तीभाऊ एका इमारतीकडे बोट करून म्हणाले, "त्या तळमजल्याच्या जागी आमचा हरभरा व्हता."

त्यांच्या घरी जेवणात मासवडी होती. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळून उकडतात, कापल्यावर माशाच्या तुकडीसारखी दिसते, आणि सोबत तिखट रस्सा. आमच्या लातूरकडे हा प्रकार नाही. मी सात खाल्ल्या. रस्सा दुसऱ्यांदा घेताना डोळ्यांतून पाणी आलं, ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने लपवलं.

कार्यक्रम शेजारच्या सोसायटीच्या सभागृहात. पुढच्या खुर्च्यांवर गावकरी, मागे फ्लॅटवाले. आधी सत्कार: बावीस जणांचे, पंचवीस मिनिटं. केतकीला फेटा बांधला, आणि तो बिघडू नये म्हणून ती पहिली रचना फेट्यासकट बसून वाजवू लागली. सगळ्यांना फार आवडलं. पण शेवटच्या रचनेत उजवा हात वरच्या टोकाला जाऊन राहतो, तिथे तिचे खांदे वर आलेले मला दिसले. संपल्यावर निवृत्तीभाऊंचे वडील, ऐंशीच्या पुढचे, भजनात पखवाज वाजवणारे, तिच्याजवळ आले.

"पोरी, लई गोड. पर वरल्या अंगाला आवाज बसलाय गं जरा."

"हो आजोबा. बसलाय."

"गुळण्या करून भागायचं न्हाई," ते म्हणाले, आणि दोघंही हसले.

शुक्रवार, पिंपळे गुरव

पियानो आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरवला. तिसऱ्या मजल्यावर चढवायचं काम नंतरचं. सकाळी मोडकांचा फोन आला: पुण्यात एका संस्थेच्या सभागृहात उत्तम पियानो आहे, शनिवारी दुपारी रिकामा आहे, पंचवीस-तीस श्रोते गोळा करा आणि तिथेच चित्रीकरण उरका.

मला हायसं वाटलं. केतकीला वाटलं नाही.

"बाबा, नको."

"का नको? नापास झालेला माल मी आयुष्यात कधी पुढे पाठवलेला नाही. आणि हा तर तुझ्या अकरा कार्यक्रमांचा प्रश्न आहे."

"त्या अकरा गावांत मला कोणता पियानो मिळणार आहे?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही. सतारवाला सतार घेऊन जातो. मी हात घेऊन जाते. समोर जो असेल तो. कुठे खालचा आवाज कमी, कुठे पट्टी जड. पुण्याचा तो पियानो मी आयुष्यात दोनदा वाजवलाय. याच्यावर मी एकोणिसाव्या वर्षी रडलेय, बाबा. हा मला माहीत आहे."

"कालचा माहीत होता. आजचा नाही."

ती म्हणाली, "बरोबर आहे. मग मोजून द्या."

"काय मोजू?"

"कोणता सूर किती वेळ टिकतो ते. मला कानाने कळतंय की काहीतरी कमी आहे, पण घाबरलेल्या कानाला सगळंच कमी वाटतं."

हे काम माझ्या समजुतीतलं होतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर विनंती टाकली की दोन तास गाड्या फाटकापासून हाताने ढकलत आणाव्यात. लोकांनी आणल्या, एक-दोघांनी कपाळावर आठ्या घालून. मोबाईलवर ध्वनिमुद्रण, हातात स्टॉपवॉच. केतकी एकसारख्या जोराने पट्टी दाबायची, मी सूर विझेपर्यंत वेळ घ्यायचो. प्रत्येकाचं तीनदा मोजमाप, मग सरासरी. वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्यांमुळे चौदा मोजमापं पुन्हा घ्यावी लागली.

अडचण एकच होती. तेल लागायच्या आधीचे आकडे माझ्याकडे नव्हते. पण वरचे सूर मुळातच लवकर विझतात, आणि हे कमी होत जाणं पट्टीगणिक सारखं असायला हवं. म्हणून तेल न लागलेल्या शेजारच्या बारा पट्ट्याही मोजल्या, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले आणि त्यांतून रेषा काढली. एकतीसपैकी सव्वीस ठिपके रेषेवर किंवा अगदी जवळ पडले. पाच स्पष्ट खाली होते.

केतकीने कागद हातात घेतला. "फक्त पाच?"

"पाच. बाकीचे पास."

"मला काल वीस वाटले होते." तिने खाली बसून स्वरलिपी उघडली आणि ते पाच सूर कुठे कुठे येतात त्या जागांवर पेन्सिलने खुणा केल्या. चार सूर कुठेही लांब टिकवायचे नव्हते, त्यांनी काही बिघडत नव्हतं. पाचवा मात्र शेवटच्या रचनेत अगदी एकटा येतो आणि बराच वेळ थांबून राहतो. रेषेप्रमाणे तो सात सेकंद टिकायला हवा होता. टिकत होता चार.

दुपारचे तीन तास त्या एका सुरात गेले. ती तो वाजवायची, थांबायची, मान हलवायची. चारच्या सुमारास तिने डाव्या हाताने खालच्या सप्तकातली तीच पट्टी इतक्या सावकाश दाबून धरली की आवाजच झाला नाही, आणि मग वरचा सूर वाजवला. पट्टी दाबलेली असल्यामुळे खालची तार मोकळी होती, ती वरच्या सुराबरोबर आपोआप घुमू लागली. मी घड्याळ लावलं. सहा पूर्णांक आठ दशांश.

"चालेल?" तिने विचारलं.

आमच्याकडे माप थोडं चुकलं पण वस्तू कामाला येणार असेल, तर जबाबदार माणूस कागदावर सही करून ती पुढे पाठवतो. सही करायला मी फार कंजूष आहे, हे सगळा कारखाना जाणतो.

"चालेल," मी म्हणालो, आणि मोडकांना फोन करून पुण्याचं सभागृह नको असल्याचं कळवलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये तिने पूर्ण कार्यक्रम वाजवला. साठेक माणसं, काही जिन्यावर बसून. गाड्या तेव्हाही ढकलतच आणल्या, न सांगता.

शनिवार, सांगवी

पिंपळे गुरव ते सांगवी तीन किलोमीटर. निवृत्तीभाऊंनी त्याला बावीस मिनिटं लावली. शाळेच्या सभागृहात दोनशे दहा खुर्च्या होत्या, माझी बायको सुनंदा दारात उभी राहून लोकांना बसवत होती. मोडकांनी दोन तास बसून पियानो सुरात लावला आणि मग आमच्याशी न बोलता पहिल्या रांगेत जाऊन बसले. पाच वाजता कॅमेरा सुरू झाला. आता सत्तर मिनिटं तो बंद होणार नव्हता. चुकलं तर चुकलेलंच जाणार होतं.

सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी आमच्या कंपनीचे बारा जण आले, पहिली शिफ्ट संपवून, अंगावर गणवेश तसाच. शिंदेमामा सगळ्यात मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मी पुढे यायला खुणावलं. त्यांनी हात जोडून नको म्हटलं.

संगीताबद्दल मी काही लिहीत नाही, मला ते जमत नाही. एवढं सांगतो की केतकी काळ्या साडीत आली, नमस्कार केला, बसली, आणि पहिल्या सुरापासून तिचे खांदे खाली होते. पंचेचाळिसाव्या मिनिटाला कोणाचं तरी मूल रडलं आणि आईने त्याला उचलून बाहेर नेलं. केतकी वाजवत राहिली. शेवटची रचना एकोणसाठाव्या मिनिटाला सुरू झाली.

ती जागा येते आहे हे मला उजव्या हाताच्या चालीवरून कळलं. मी तिच्या डाव्या हाताकडे पाहत होतो. तो उचलला गेला, खाली आला आणि एका पट्टीवर आवाज न करता बुडाला. मग वरचा सूर. घड्याळ मी मुद्दाम घरी ठेवलं होतं. सूर उभा राहिला. सभागृहात पंखे बंद होते, बाहेर रस्त्यावर एक रिक्षा गेली, तरी तो ऐकू येत होता. तो विझायच्या बेताला आला तेव्हा तिने पुढचा सूर त्याच्यात मिसळला, कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हे मला सांगता येणार नाही.

चित्रीकरण रविवारी सकाळी गेलं, जसंच्या तसं, बाळाच्या रडण्यासकट. पाचव्या आठवड्यात उत्तर आलं. निवडलेल्या तिघांत केतकीचं नाव होतं. सुनंदाने सगळ्या इमारतीत पेढे वाटले, पार्किंगमध्ये गाड्या ढकलणाऱ्यांना दोन-दोन.

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तो गुरुवार होता, मुद्दाम सुट्टीच्या दिवशी गेलो. शिंदेमामा एका लेथखाली आडवे झाले होते. मी वाकून बातमी सांगितली. ते बाहेर आले, हात पुसले, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"किती गावं म्हणाला साहेब?"

"अकरा."

"आन् बाजा? हाच न्यायचा का तिकडं?"

"नाही मामा. जिथे जाईल तिथला. समोर येईल तो."

मामा परत लेथखाली शिरता शिरता म्हणाले, "मंग सांगून ठेवा पोरीला. बसायच्या आदी तारांवर कोरडं फडकं फिरवून बघ म्हणावं. कुणीतरी भला माणूस तेल लावून गेला आसंल."